करडईचे गळालेले अक्षर

जोतीराव फुले यांचे ‘शेतकऱ्याचा असूड’ हे लेखन १८८३ सालचे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सतरावा खंड, जो सबंध अहमदनगर जिल्ह्याला वाहिलेला आहे, तो पुढच्याच वर्षी, १८८४ साली प्रसिद्ध झाला. हे दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचण्याची रीत आपल्याकडे नाही. पहिला साहित्याच्या अभ्यासक्रमात असतो, दुसरा इतिहासाच्या कपाटात. परंतु दख्खनच्या कोरडवाहू शेतीविषयी काही समजून घ्यावयाचे तर दोन्ही लागतात. फुल्यांना कुणब्याची अवस्था आणि तिची कारणे सांगावयाची आहेत. गॅझेटियरला जमीन, पाऊस, पिके आणि सारा यांची मोजदाद करावयाची आहे. करडई सापडते ती या मोजदादीत, तेलबियांच्या यादीत. पुढे १९६८ साली राज्याचे कृषी विद्यापीठ स्थापन झाले, ते याच जिल्ह्यात राहुरीला आले आणि त्याला फुल्यांचे नाव मिळाले, तेव्हा या दोन परंपरा एका आवारात आल्या असे म्हणता येईल. जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे. जुन्या नोंदींविषयी बोलताना आम्ही जुने नावच वापरणार आहोत.

प्रस्तुत लेख करडईच्या तेलाविषयी आहे. अधिक नेमकेपणाने सांगावयाचे तर, बियांत कोणत्या प्रकारचे तेल साठणार हे ठरवणाऱ्या एका जनुकाचा हा इतिहास आहे. वाङ्मयाच्या वाचकांनी त्यात का पडावे, हा प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे, की या इतिहासाचा गाभा एका गळालेल्या अक्षराचा आहे, आणि गळालेल्या अक्षरांचा विचार आपण मराठीत सातशे वर्षे करीत आलो आहोत.

नगर जिल्ह्याचे दोन भाग पडतात, हे तिथल्या कोणालाही सांगावे लागत नाही. उत्तरेकडे प्रवरा आणि मुळा यांच्या कालव्यांचा, उसाचा आणि कारखान्यांचा मुलूख. दक्षिणेकडे कर्जत, जामखेड, श्रीगोंदे, पाथर्डी यांचा अवर्षणप्रवण भाग. उसाला सहकार मिळाला, राजकारण मिळाले आणि ग्रामीण कादंबरीत जागाही मिळाली. करडईला यांतले काहीच लाभले नाही. ती रब्बीच्या ज्वारीच्या संगतीने वाढली. उत्तरा-हस्ताच्या सुमारास पेरायची, ज्वारीच्या ओळींमध्ये तिचे पाटे घालायचे किंवा शेताच्या कडेने तिच्या काही ओळी धरायच्या. पिकल्यावर तिचे काटे असे बोचतात, की गुरे ज्वारीत शिरायला धजत नाहीत. म्हणजे कुंपण आणि पीक एकच. तिचे सोटमूळ खोल जाते आणि परतीच्या पावसाची मुरलेली ओल शोधून काढते. ज्या साली ज्वारी पोटरीतच वाळते त्या सालीही करडई काही ना काही देऊन जाते. कोवळ्या पानांची भाजी हिवाळ्यात होते. काढणी मात्र जिवावर येणारे काम. पहाटे दवाने काटे नरम असतात तेव्हाच, हाताला फडके गुंडाळून, ती उरकावी लागते. बोंडे बडवून निघालेले पांढरेशुभ्र दाणे घाण्यावर जात. घाणा तेल्याचा, पेंड गुरांची आणि तेल घरचे. (या तेल्यांचे मराठी वाङ्मयावर एक ऋणही आहे. चाकणचे संताजी जगनाडे व्यवसायाने तेली. तुकारामांचे अभंग त्यांनी आपल्या वह्यांत उतरवून राखले, असे वारकरी परंपरा मानते.)

तेलाच्याही आधी करडईची कीर्ती रंगासाठी होती. संस्कृतात तिचे नाव कुसुंभ. तिच्या फुलांच्या पाकळ्यांतून निघणाऱ्या तांबड्या रंगाने वस्त्रे रंगवीत. कालिदासाच्या ‘ऋतुसंहारा’तल्या वसंतवर्णनात ही वस्त्रे आहेत, आणि मराठीतला ‘कुसुंबी’ हा शब्द त्या रंगाची आठवण अजून बाळगून आहे. १८५६ साली विल्यम पर्किनने कृत्रिम रंग तयार केला. त्यानंतर काही दशकांत डांबरापासून काढलेल्या रंगांनी जगभरचे वनस्पतिजन्य रंग बाजारातून हुसकावून लावले. निळीचे जे झाले तेच कुसुंब्याचे झाले, फरक इतकाच की निळीच्या मागे दडपशाहीचा इतिहास असल्याने तिच्यावर नाटके लिहिली गेली आणि कुसुंबा मुकाट्याने गेला. शब्द राहिला, रंग गेला. रोप मात्र शेतात राहिले, कारण त्याच्या बियांत तेल होते.

करडईकडे आधुनिक शास्त्राची नजर वळली ती बिहारमधल्या पुसा येथील शेतकी संशोधन संस्थेत. अल्बर्ट हॉवर्ड आणि गॅब्रिएल हॉवर्ड या दांपत्याने आपल्या सहकाऱ्यासह १९१५ साली भारतीय तेलबियांवरील अभ्यासाचा पहिला भाग प्रसिद्ध केला, आणि त्यात मोहरीबरोबर करडई घेतली. शेतकऱ्यांच्या पेऱ्यातून आलेल्या बियाण्यात किती वेगवेगळे प्रकार एकमेकांत मिसळलेले आहेत आणि फुलांत परागांची देवघेव आपोआप किती होते, हे त्यांनी तपासले. आमच्या मते या अभ्यासाची खरी किंमत इथेच आहे. शेतकरी ज्याला ‘करडई’ एवढ्या एका नावाने ओळखतो, ते एक पीक नसून अनेक वाणांचा जमाव आहे, हे त्यातून कागदावर आले.

पुढे दख्खनमध्ये हे काम सोलापूरला रुजले. राहुरी विद्यापीठाच्या तिथल्या केंद्रातून ‘भीमा’, ‘फुले कुसुमा’ असे वाण निघाले आणि नगर-सोलापूरच्या शेतांवर गेले. दुसरे केंद्र सातारा जिल्ह्यातल्या फलटणचे. तिथे बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ साली काढलेल्या कृषी संशोधन संस्थेने करडईला आपले मुख्य पीक मानले आणि काट्यांचा प्रश्न हाती घेतला. हाताला टोचणारे पीक मजूर काढत नाहीत. पण काटेरी वाणांतच तेल अधिक असते, असा पैदासकारांचा अनुभव होता. २००१ साली तिथून बिनकाटेरी संकरित वाण प्रसारित झाला तो या पेचातून वाट काढून. जाई निंबकर याच घरातल्या. त्या इंग्रजी कादंबरीकार, इरावती कर्व्यांच्या कन्या आणि मॅक्सीन बर्नसन यांच्यासह परभाषकांसाठी मराठीचे व्याकरण लिहिणाऱ्या. एका गावात, एकाच काळात, एका भाषेचे आणि एका पिकाचे व्याकरण मांडले जात होते, हा योगायोग आम्हाला लक्षणीय वाटतो.

आतापर्यंत सांगितलेले सारे प्रयत्न मुख्यतः ‘किती’ या प्रश्नाभोवती फिरतात. एकरी उतारा किती, दाण्यात तेल किती टक्के, टरफल किती जाड. तेल ‘कोणते’ हा प्रश्न वेगळा आहे, आणि त्यासाठी थोडे रसायन अपरिहार्य आहे.

बियांतले तेल म्हणजे मेदाम्लांचे भांडार. मेदाम्ल ही कार्बनच्या अणूंची साखळी असते. आपल्या स्वयंपाकघरातल्या बहुतेक तेलांत ती अठरा अणूंची असते. साखळीत एकही दुहेरी बंध नसला तर ते स्टिअरिक आम्ल, एक असला तर ओलेइक, दोन असले तर लिनोलेइक आणि तीन असले तर लिनोलेनिक. वनस्पती हे बंध एकामागून एक बसवते आणि प्रत्येक पायरीला तिच्यापाशी एकेक विकर असते. स्टिअरिकचे ओलेइक करणारे एक, ओलेइकचे लिनोलेइक करणारे दुसरे, लिनोलेइकचे लिनोलेनिक करणारे तिसरे. जवसात तिसरी पायरीही जोरात चालते, म्हणून जवसाचे तेल हवेत पटकन सुकते आणि रंगलेपासाठी उपयोगी पडते. करडईच्या बियांत कारखाना दुसऱ्या पायरीवर थांबतो. नेहमीच्या करडईच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश लिनोलेइक आम्ल असते, तर ओलेइक सात-आठ भागांत जेमतेम एक भाग.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेलाची ही जातकुळी ओळखण्याचे सोपे साधन म्हणजे आयोडीन अंक. शंभर ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन शोषून घेते त्यावरून त्यातल्या दुहेरी बंधांचा अंदाज येतो. करडईचा हा अंक एकशे चाळिसाच्या आसपास असतो. १९५७ साली होरोविट्झ आणि विंटर यांचे एक छोटेसे टिपण ‘नेचर’ या नियतकालिकात आले. विषय होता, आयोडीन अंक फार कमी असलेले करडईचे एक नवे तेल. ते बियाणे भारतातून गेलेले होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत पॉल्डेन नोल्स हे करडईचे पैदासकार काम करीत होते. अमेरिकेला त्या दशकात करडई हवी होती ती प्रथम रंगाच्या कारखान्यांसाठी. खाद्यतेल म्हणून तिची मागणी नंतर वाढली. नोल्स आणि मुतवकिल यांनी भारतातून आलेल्या निवडींचा संकर नेहमीच्या करडईशी केला आणि पुढच्या पिढ्यांतले दाणे तपासले. १९६३ साली ‘इकॉनॉमिक बॉटनी’त प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखाचा निष्कर्ष असा, की एवढा मोठा फरक एकाच जनुकामुळे पडतो, आणि कमी अंकाचा गुण बहुतांशी अप्रभावी आहे; मातापित्या दोघांकडून तो आला तरच पुरता प्रकट होतो. प्रमाणे जणू पालटली होती. जिथे लिनोलेइक तीन चतुर्थांश असे तिथे आता ओलेइक होते.

आणखी एक गोष्ट त्या अभ्यासांतून पुढे आली, आणि ती विलक्षण आहे. दाण्यातले तेल कसे असेल हे त्या दाण्यातला गर्भ ठरवतो, ज्या झाडाला तो दाणा लागला ते झाड ठरवत नाही. म्हणून संकरित झाडाच्या एकाच बोंडातले शेजारशेजारचे दाणे निरनिराळ्या तेलांचे असू शकतात. १९६४ साली नोल्स आणि हिल यांनी इराणमधून आलेल्या एका वाणाचा अभ्यास मांडला. त्यात दोन्ही आम्ले जवळजवळ सारखी होती. हा गुण त्याच जनुकाच्या तिसऱ्या रूपामुळे येत होता, आणि हवा थंड झाली की ते प्रमाण बदलत असे. भारतीय रूप मात्र थंडी-उन्हाला फारशी दाद देत नव्हते. त्यातूनच डेव्हिसला ‘यूसी-१’ हा भरपूर ओलेइक असलेला पहिला वाण १९६० च्या दशकात तयार झाला. तेल ऑलिव्हच्या जवळ जाणारे, झाड करडईचे, काटे तेच.

हे जनुक म्हणजे नेमके काय, हे कळायला आणखी पन्नास वर्षे लागली. ओलेइकचे लिनोलेइक करणाऱ्या विकराचे जनुक १९९४ साली ॲराबिडॉप्सिस नावाच्या, मोहरीच्या कुळातल्या एका क्षुल्लक रोपात प्रथम वेगळे काढता आले. शास्त्रज्ञ त्याला ‘फॅड-२’ म्हणतात. करडईत त्याची अकरा भावंडे आहेत असे २०१३ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखविले. त्यांतले पहिले खास बियांसाठी काम करते. (एरंडेलातले जे आम्ल आपल्या आज्या रेचक म्हणून आपल्याला पाजीत असत, तेही याच कुळातल्या एका बदललेल्या विकराची करणी आहे. कुलवृत्तांत कधी कधी असे निघतात.) त्याच वर्षी त्याच गटाने भारतीय रूपाचे रहस्य उलगडले. बियांसाठीच्या त्या जनुकाच्या मध्यावर एक अक्षर गळालेले आहे. एकच.

एका अक्षराने एवढा उत्पात का व्हावा, हे वृत्ते शिकलेल्या वाचकाला समजावून सांगणे सोपे आहे. जनुकाची लिपी चार अक्षरांची आणि वाचन तीन-तीन अक्षरांच्या गणांनी होते. अक्षरगणवृत्तातल्या ओळीतून मधले एक अक्षर गाळून पुढे ‘यमाताराजभानसलगा’च्या हिशेबाने गण पाडत जावे, म्हणजे काय होते ते दिसेल. त्या जागेपर्यंत वृत्त बिनचूक. तिथून पुढे एकही गण आपल्या जागी नाही. जनुकाच्या बाबतीत आणखी एक संकट असते. काही त्रिके ‘इथे थांबा’ असा अर्थ सांगतात. घसरलेल्या वाचनात असे त्रिक अवेळी समोर येते आणि विकर अर्धवट राहते. त्याउपर पेशीची स्वतःची एक संपादनव्यवस्था असते, जी असा अकाली थांबणारा निरोप ओळखून त्याची प्रतच नष्ट करते. परिणामी बियांत दुसऱ्या पायरीचा कामगार जवळपास उरत नाही आणि ओलेइक आम्ल तसेच साठत जाते. बाकीची दहा भावंडे शाबूत असल्यामुळे रोपाच्या वाढीला त्याची झळ लागत नाही.

नेवासे याच जिल्ह्यातले. तिथे शके १२१२ मध्ये ‘ज्ञानेश्वरी’ सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. तीनशे वर्षे नकलांवर नकला होत गेल्या, पाठ बिघडले, आणि शके १५०६ मध्ये एकनाथांनी प्रती ताडून ग्रंथ शुद्ध केला. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी आपली प्रत छापून तो वाद पुन्हा उघडला. पाठचिकित्सेत आपण दोन गोष्टी शिकतो. चूक ही संपादकाला नकोशी असली तरी वंशावळ शोधणाऱ्याला हवीहवीशी असते, कारण एकच चूक ज्या ज्या प्रतींत आढळते त्यांचा पूर्वज एक असतो. दुसरी गोष्ट अशी, की ज्याने चूक उतरवून पुढे दिली त्याला ती बहुधा दिसलेली नसते.

करडईच्या या प्रतीचीही वंशावळ लावली गेली. २०१५ साली त्याच ऑस्ट्रेलियन गटाने निरनिराळ्या वाणांतले आणि रानटी नातलगांतले हे जनुक अक्षरशः ताडून पाहिले. त्यांचा कयास असा, की लागवडीच्या करडईत हे जनुक फार पूर्वी एका रानटी जातीतून, पॅलेस्टाईनच्या परिसरातल्या वाळवंटी करडईतून, संकराने आले. अक्षर गळाले ते त्यानंतर, तुलनेने अलीकडे. म्हणजे पश्चिम आशियातल्या रानातून आलेला पाठ, भारतातल्या शेतातून कॅलिफोर्नियाला पोहोचलेली प्रत, आणि ऑस्ट्रेलियात झालेली तिची चिकित्सा. पाठचिकित्सेत याला वंशवृक्ष म्हणतात. तिथल्या शास्त्रज्ञांनी पुढे वाचनावर न थांबता लेखणीही हाती घेतली. जनुके मुकी करण्याच्या तंत्राने त्यांनी नव्वद टक्क्यांहून अधिक ओलेइक असलेली करडई तयार केली, आणि तिच्या लागवडीला ऑस्ट्रेलियात २०१८ साली परवानगी मिळाली. तिचे तेल मुख्यतः वंगणासारख्या औद्योगिक उपयोगांसाठी आहे.

इथे एक प्रश्न विचारणे भाग आहे. चांगले तेल कोणते? जनुकशास्त्र याचे उत्तर देत नाही. ते फक्त पर्याय दाखवते. उत्तर बाजार, वैद्यक आणि फॅशन मिळून देतात आणि दर तीस वर्षांनी बदलतात. रंगाच्या कारखान्याला जे तेल उत्तम, ते हवेत सुकणारे. तेच तेल तळणीला वाईट, कारण तापल्यावर आणि साठवल्यावर ते लवकर खवट होते. १९६० नंतर हृदयविकाराच्या भीतीने अनेक दुहेरी बंधांच्या तेलांना पुण्यवान ठरविले आणि करडईला एकाएकी शहरी मध्यमवर्गाच्या घरात मानाचे पान मिळाले. ‘सफोला’ या नावातच करडईचे इंग्रजी नाव लपलेले आहे. त्याच काळात, १९६६ ते १९७३ या वर्षांत, सिडनीत हृदयविकारातून उठलेल्या ४५८ पुरुषांवर एक प्रयोग झाला. त्यांतल्या एका गटाच्या आहारात संपृक्त मेदाच्या जागी करडईचे तेल आले. त्या प्रयोगाची हरवलेली आकडेवारी मिळवून तिचे पुनर्विश्लेषण २०१३ साली प्रसिद्ध झाले, आणि करडईच्या तेलाच्या गटातच मृत्यू अधिक झाले होते असे दिसले. एका प्रयोगाने तेल विषारी ठरत नाही. लिनोलेइक आम्ल शरीराला लागतेच आणि ते आपण स्वतः तयार करू शकत नाही. वैद्यकातला हा वाद मिटलेलाही नाही. परंतु मधल्या काळात ओलेइकचे दिवस आले होते. ज्या गुणाकडे १९५७ साली आयोडीन अंकाची विकृती म्हणून पाहिले गेले, तोच आता बाटलीवर ठळक अक्षरांत छापला जातो. अक्षर तेच गळालेले. वाचकांची अभिरुची बदलली.

आता पुन्हा नगरच्या दक्षिणेकडे. १९८६ साली तेलबियांचे तंत्रज्ञान अभियान सुरू झाले, तेव्हा करडई पिकवण्यात भारत जगात पहिला होता आणि देशातले क्षेत्र सात-आठ लाख हेक्टरच्या घरात होते. त्यात महाराष्ट्राचा आणि लगतच्या कर्नाटकाचा वाटा सर्वांत मोठा. १९९४ मध्ये पामोलीनची आयात खुली झाली. मलेशिया-इंडोनेशियातून येणाऱ्या या स्वस्त तेलापुढे काटे सोसून काढलेल्या करडईचा भाव टिकणे कठीण होते. त्यात काढणीला मजूर मिळेना, पेरणी लांबली की मावा पडू लागला, आणि जिथे विहिरीला पाणी लागले तिथे कांदा, हरभरा आणि पुढे सोयाबीन आले. आज देशातले करडईचे क्षेत्र एक लाख हेक्टरच्याही खाली आहे. खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज आपण आयातीवर भागवतो, आणि त्यात सर्वांत मोठा हिस्सा पामतेलाचा, ज्यात चाळीस टक्क्यांहून अधिक संपृक्त पामिटिक आम्ल असते. हा सौदा आरोग्याचा हिशेब मांडून कोणी केलेला नाही. शेतकऱ्याला दोष देण्यात तर काहीच अर्थ नाही. ज्या पिकाचे बोचणे त्याच्या वाट्याला आणि मोल दुसऱ्याच्या, ते त्याने सोडले.

गळालेले अक्षर मात्र परत आले आहे. हैदराबादच्या भारतीय तेलबिया संशोधन संस्थेत अंजनी आणि यादव यांनी भरपूर ओलेइक असलेले भारतीय वाण पारंपरिक पैदाशीतून तयार केले आणि २०१७ साली ते काम प्रसिद्ध केले. भुईमुगातही, अमेरिकेत सापडलेल्या अशाच एका उण्या जनुकाच्या आधाराने, ‘गिरनार-४’ आणि ‘गिरनार-५’ हे वाण २०२० साली देशाला मिळाले. बियाणे जागतिक संग्रहात जाते, तिथे त्याचा गुण कळतो, आणि तो गुण घेऊन ते माहेरी येते. यात चोरी पाहणे आम्हाला पटत नाही. नोल्स यांच्या काळात बियाणे साऱ्या मानवजातीचा वारसा मानले जाई. जैवविविधतेवरील देशाचा हक्क मान्य करणारा आंतरराष्ट्रीय करार १९९२ सालचा, आणि शेतकऱ्याच्या वाणाची नोंद घेणारा आपला कायदा २००१ सालचा.

तरीही १९६३ च्या त्या लेखाचे शीर्षक मनात राहते. ‘भारतातून आलेल्या करडईच्या निवडी’, एवढेच ते म्हणते. भारत हा काही बियाण्याचा पत्ता होत नाही. ते नगरचे होते असा दावा आम्ही करणार नाही. पण ज्या अर्थी गुण अप्रभावी होता आणि तरीही शाबूत होता, त्या अर्थी तो पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या तरी कणगीतून पुढल्या पेऱ्यात गेलेला होता, इतके निश्चित. आज अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे गावठी बियाण्यांची बँक चालवतात, त्याबद्दल त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, आणि वाणाबरोबर राखणारीचेही नाव लागते. ही नवी गोष्ट आहे. गॅझेटियरने पीक मोजले, फुल्यांनी पिकवणाऱ्याची कैफियत मांडली. वाण राखणाऱ्याचा रकाना दोघांच्याही काळी नव्हता.

भरपूर ओलेइक असलेले रोप शेतात उभे असताना ओळखू येत नाही. पाने तीच, पिवळी फुले सुकताना तांबूस होणे तेच, काटेही तेच. दाणाही बोटांना वेगळा लागत नाही. प्रयोगशाळेत त्याची ओळख पटवण्याची एक रीत आहे. अंकुराचे टोक सांभाळून दाण्याच्या दुसऱ्या बाजूची एक बारीक कपची कापतात आणि तिच्यातल्या तेलाचे विश्लेषण करतात. हवे ते अक्षर गळालेले निघाले, तर उरलेला अर्धा दाणा पेरतात. तो उगवतो.